दुबार पुस्तके आणि लूपच्या आतला लूप

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर उतरवून झाली आणि तिच्या 40,000 नोंदींमधून दुबार नावे शोधून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणारी रचना; अशा लूपच्या आत लूप लिहून प्रत्येक नाव त्याच्या पुढच्या प्रत्येक नावाशी ताडून पाहायचे, एवढाच माझा प्रोग्राम होता. 200 नोंदींवर चालवला तेव्हा एंटर दाबताच उत्तर आले. पूर्ण यादीवर मात्र चहा उकळून, गाळून आणला तरी कर्सर तसाच लुकलुकत होता.

मी आधी वाचनालयाच्या जुन्या संगणकाला बोल लावला आणि मग कागदावर हिशेब मांडला. 200 नावांच्या जोड्या 19,900 होतात. 40,000 नावांच्या जवळपास 80 कोटी. नोंदी 200 पट वाढल्या, पण काम 40,000 पटींहून अधिक वाढले. दुप्पट वेगाचा संगणक आणला असता, तरी तेवढ्याच वेळात सुमारे 56,500 नोंदींपर्यंतच मजल गेली असती.

नावे आधी अकारविल्हे लावली की सारखी नावे आपोआप शेजारी येतात आणि मग प्रत्येकाने फक्त आपल्या शेजाऱ्याकडे पाहायचे असते. क्रम लावायला फार तर 6 लाखांच्या आसपास तुलना लागतात आणि त्यानंतर 39,999. क्रम लावण्याचे काम पायथनकडे तयारच असते. त्याच्या मुळाशी टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिलेली टिमसॉर्ट ही पद्धत आहे. उत्तर क्षणात आले.

तरीही ग्रंथपाल बाईंनी यादीवर बोट ठेवून दोन नोंदी दाखवल्या, ज्या डोळ्यांना अगदी सारख्या होत्या आणि प्रोग्रामला वेगळ्या वाटल्या होत्या. दोन्हींत ‘ऱ्य’ होता. पण एकीत तो ‘ऱ’ला हलंत देऊन टंकलेला होता आणि दुसरीत ‘र’, हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. (मराठी टंकणाऱ्यांना हे दुखणे नवे नाही.) तेव्हा नावे आधी एका साच्यात आणणे भाग होते. जास्तीच्या मोकळ्या जागा काढण्याची सफाई मी पूर्वी आतल्या लूपमध्येच लिहिली होती, म्हणजे तेच नाव हजारो वेळा झाडून निघत होते आणि प्रत्येक जोडीतली दोन्ही नावे धरून एकूण सफाई 160 कोटी वेळा होत होती. आता ‘ऱ्य’ची दुरुस्तीही तिच्यासोबत क्रम लावण्यापूर्वी, प्रत्येक नावासाठी एकदाच होते, आणि त्या दोन नोंदी यादीत एकमेकींखाली दिसतात.