धामापूर ते देवबाग, गरी घेऊन

मालवण-कुडाळ रस्त्यावरचा धामापूरचा तलाव 1530 मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला. दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध, काठाला भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं. अशा ठिकाणी आपण आपली गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, काढून बसायचं नसतं. आधी गावात विचारा. बऱ्याच तलावांतली मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते. देवळाच्या घाटावर तर नकोच. मगरीचीही चौकशी करा. आम्ही विचारून, बाजूला बसलो. गांडुळाला बोटभर मासे लागत राहिले, ते सोडून दिले. तलावासाठी सकाळचा एखादा तास पुरे.

खरी मजा कर्लीच्या खाडीत. देवबागची पट्टी एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी घेऊन संगमापर्यंत जाते. इथे घड्याळापेक्षा तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. आम्ही गेलो तेव्हा षष्ठी होती, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास. ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास माझ्या मते सगळ्यात चांगले. कांदळवनातलं पाणी ओहोळांतून खाली उतरतं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) येतात आणि तांबोशी मासळी ओहोळाच्या तोंडाशीच टपून बसते. दशमीला हाच खेळ सकाळी आठनंतर मिळेल. दुपारी पर्यटकांच्या बोटींची घरघर असते, तेव्हा जेवून झोपावं.

आमिषाला जिवंत सुंगट. तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, नेहमीचा चालेल, पण गरीजवळचा हातभर जाड लावा. कालवांच्या धारेवर बारीक तंगूस सुरीने कापल्यासारखा तुटतो. दोन तांबोश्या मिळाल्या, एक ताटात आली. दुसरी वीतभरही नव्हती, ती परत पाण्यात.

शेंगाळा (मिशीवाला मासा, कॅटफिश) लागला तर उत्साहाने हात घालू नका. पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे विषारी. पक्कडीने धरून गरी काढा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा.

संगमावर ओहोटीची ओढ जबरदस्त असते, गुडघ्यापुढे पाण्यात उतरू नये. पावसानंतर खाडी गढूळ असते, त्यामुळे नोव्हेंबरपासून पुढे जावं. यांत्रिक होडीने बाहेर जायचा बेत असेल तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते.