ज्यासारणी हाताने : पाचवी नोंद

मागच्या नोंदीत ३०, ४५ आणि ६० अंशांपाशी थांबलो होतो. आता आर्यभटाच्या ज्यासारणीतल्या (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) ९० अंशांपर्यंतच्या चोवीसही पायऱ्या स्वतः काढून झाल्या. नियम तोच, कॅल्क्युलेटर फक्त शेवटी, पडताळणीपुरता.

आधी कागद. कार्डशीटवर ३४३.८ मिलिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ काढलं. हा आकडा आर्यभटाच्या (इ. स. ४९९) ३४३८ वरून घेतला. वर्तुळाचा घेर २१६०० कला धरला (३६० अंश, प्रत्येकी ६० कला), तर त्रिज्या त्याच कलांमध्ये ३४३८ च्या अगदी जवळ येते. म्हणजे कोन आणि बाजू एकाच मापात! माझ्या कागदावर एक अंश म्हणजे कमानीवर ६ मिलिमीटर. शाळेत ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ घोकलं होतं. इथे कर्ण कायम ३४३८, त्यामुळे भागाकार करायलाच नको, समोरची बाजू हीच ज्या. पहिली पायरी पावणेचार अंशांची, कमान २२५ कला आणि ज्याही २२५. १५ अंशांवर कमान ९००, ज्या ८९०. ३० अंशांवर १८०० आणि १७१९. कमान सरळ रेघेला सोडून कशी दूर जाते, ते आकड्यांतच दिसतं.

नुसतं मोजून मात्र भागत नाही. पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजेच ५ कला. म्हणून अर्ध्या कोनाची रीत वापरली. चाप म्हणजे धनुष्य, ज्या म्हणजे त्याची दोरी (सारणीत तिची निम्मीच घेतात), शर म्हणजे बाण, दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचा. चित्र काढून पाहिलं की ही नावं पुन्हा विसरत नाहीत. ३० अंशांची (अर्धी) ज्या १७१९. पायथागोरसने तिसरी बाजू २९७७.३९ आली, म्हणून शर ३४३८ वजा तेवढा, म्हणजे ४६०.६१. १७१९ आणि ४६०.६१ या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १७७९.६४, त्याच्या निम्मे ८८९.८२. झाली १५ अंशांची ज्या. हेच पुन्हा केलं की साडेसात अंशांना ४४८.७५. वर्गमुळं हाताने काढताना दोन संध्याकाळी गेल्या, पण त्या मला फार प्रिय आहेत.

आता ताळा. आर्यभट ज्या देत नाही, लागोपाठच्या ज्यांतले फरक देतो, तेही अक्षरांत लिहिलेल्या आकड्यांनी: मखि, भखि, फखि, म्हणजे २२५, २२४, २२२. शेवटचा फरक ७. चोवीसही मिळवले की बरोबर ३४३८ होतात. माझ्या पूर्णांकात आणलेल्या उत्तरांशी एकोणीस जागा तंतोतंत जुळल्या. साडेबावीस आणि सव्वासव्वीस अंशांना त्याची ज्या माझ्यापेक्षा एकाने कमी, तर ६०, पावणेचौसष्ट आणि साडेसदुसष्ट अंशांना एकाने जास्त. ६० अंशांना तो २९७८, मी २९७७. पाचही जागी फरक खऱ्या किमतीच्या एक कलेच्या आत आहे. त्या जागा मी तीनदा तपासल्या, दर वेळी तेच आलं.

मग पायऱ्यांच्या मधले अंश. १० अंश म्हणजे ६०० कला: दोन पायऱ्या आणि वर १५०. ४४९ मध्ये २२२ चे दोन तृतीयांश मिळवले, ५९७. खरी किंमतही ५९७.०! ८० अंशांवर (एकवीस पायऱ्या आणि वर ७५ कला) मात्र ही त्रैराशिकाची युक्ती ३३८४.३ देते, हवं ३३८५.८. तिथे फरक ५१ वरून एकदम ३७ वर येतो, सरळ रेघ कमी पडते. ब्रह्मगुप्ताने ‘खण्डखाद्यक’ (इ. स. ६६५) मध्ये दिलेली सुधारणा लावली: दोन्ही फरकांची सरासरी ४४, त्यातून त्यांच्या अंतराच्या निम्म्याचा एक तृतीयांश (२.३३) वजा, उरले ४१.६७. त्याचा तिसरा भाग १३.८९, तो ३३७२ मध्ये मिळवला की ३३८५.९.

पुढच्या नोंदीत १ ते ८९ अंशांची सारणी याच सुधारणेने पुरी करून देतो.