मँडोलिनवर पंक कशाला?

मँडोलिन शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील कधी ना कधी विचारतातच : "सर, तुम्ही भावगीतं वाजवणारे. मग मुलांना ही पंक गाणी, म्हणजे सत्तरीतल्या इंग्लंडातलं ते रागीट, धडाधड वाजणारं रॉक, कशाला शिकवता? गंमत म्हणून ना?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. गंमत म्हणून नाही.

हे वेड मला लावलं 'द बॅड शेफर्ड्स' या इंग्लिश बँडनं. २००८ मध्ये तो एड एडमंडसननं उभा केला. एडमंडसन म्हणजे तिकडचा गाजलेला विनोदी नट. १९८२ च्या 'द यंग वन्स' मालिकेत कपाळावर धातूचे खिळे मिरवणारा पंक विद्यार्थी त्यानंच रंगवला होता. त्यामुळे तो मँडोलिन घेऊन पंक गातो म्हटल्यावर मीही हसायच्या तयारीनंच ऐकायला बसलो. सोबत फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, अँडी डिनन आणि इलियन पाइप्स या आयरिश बॅगपाइपवर ट्रॉय डोनॉकली. हे पाइप्स तोंडानं फुंकत नाहीत. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी, आणि सगळा कारभार कोपरांचा. मूळ आयरिश शब्दाचा अर्थच कोपर. सुरावट चालू असताना खाली एक सूर अखंड धरलेला असतो. आपल्याकडे सनईच्या मागे सूर देणारा बसतो ना, अगदी तसा.

२००९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं नावच 'यान, ट्यान, टेथेरा, मेथेरा'. उत्तर इंग्लंडातले धनगर मेंढ्या मोजताना म्हणायचे ते हे आकडे. त्या अल्बममध्ये 'द जॅम' या इंग्लिश बँडचं १९७८ मधलं 'डाउन इन द ट्यूब स्टेशन ॲट मिडनाइट' आहे. मूळ गाणं मी हॉस्टेलवर असताना शंभरदा ऐकलं असेल, नाचलोही असेन. पण शब्द पहिल्यांदा कानात शिरले ते या मंडळींकडून.

एक माणूस रात्री घरी निघालाय. खिशात थोडे पैसे, हातात बायकोसाठी करीचं पार्सल. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात गुंड त्याला घेरतात, बदडतात. पडल्यापडल्या त्याच्या मनात येतं, किल्ल्या त्यांनी नेल्या; दार वाजलं की तिला वाटेल मीच आलो.

माझे काका त्या वर्षांत लंडनला होते. बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांना हाकला म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंट पक्षाचे मोर्चे निघायचे ते दिवस. सुट्टीवर आले की ते सांगायचे, रात्री एकट्यानं बाहेर पडायचं नाही, आणि बाबा लगेच विषय बदलायचे. गाण्यात त्या माणसाचा वर्ण सांगितलेला नाही. मला मात्र काकाच दिसले.

तेच शब्द मँडोलिनवर असे का भिडावेत, याचं उत्तर वाद्यात आहे. इलेक्ट्रिक गिटारचा फाटका आवाज भरून राहतो, शब्दांवर पसरतो. मँडोलिनच्या आठ तारा, चार जोड्या. पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, मारलं की नाद लगेच विरतो. त्या रिकाम्या जागेत शब्द येऊन उभा राहतो. राग तसूभरही कमी होत नाही, फक्त तो कशाबद्दल आहे ते कळतं. शाहिराला डफ-तुणतुणं पुरतं ते उगाच नाही. माझे बाबा शाहीर अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' म्हणायचे, हाताशी नुसती एक डिमडी. मुंबईला आलेला माणूस, मागे राहिलेली बायको. घरातलं कुणीच मधे बोलायचं नाही.

बॅड शेफर्ड्स २०१६ मध्ये थांबले. ते मला फार लागलं.

गेल्या महिन्यात नववीतल्या एका विद्यार्थ्याला मी हे गाणं बसवून दिलं. डाव्या हाताच्या बोटांवर तारांचे वळ उठले तरी सोडेना. आधी त्याला गोष्ट सांगितली होती. मधेच वाजवायचं थांबून त्यानं विचारलं, "सर, मग ती दार उघडते का?"

म्हटलं, ते गाण्यात सांगितलेलं नाही.

थोडा वेळ तो गप्प बसला. मग पिक उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागला, या वेळी बरंच सावकाश.