हळद घे, गोळ्या सोड

सांगली, रविवार रात्र

आज तासगावहून आत्या आली. दादाला समोर बसवून काय काय बंद करायचं ते सांगत राहिली: गहू, दूध, वांगं, तूरडाळ. शेवटी म्हणाली, "आणि त्या गोळ्या लई उष्ण असतात रे बाळा, हळूहळू सोडून दे. अनशापोटी हळद घे, आपल्या सांगलीची."

आत्याचा जीव आहे त्याच्यावर. पण दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस: मोठ्या आतड्याला आतून जखमा, रक्त जाऊन जाऊन गालफडं बसलेली. अशा माणसाच्या ताटातून अजून किती काढायचं?

हळदीचं बोलणं मी उडवून लावणार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेसालामाइन हे आतड्याची सूज उतरवणारं औषध चालू असूनही अल्सरेटिव्ह कोलायटिसचा त्रास न थांबलेल्या ५० जणांपैकी काहींना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. महिन्याभरात कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. पण त्या सगळ्यांचं मेसालामाइन चालूच होतं! शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनेक. तेवढं पोटात जायला रोज शंभरेक ग्रॅम हळद खावी लागेल. चमचाभर हळदीच्या दुधावर गोळ्या सोडायच्या कशा?

कडक पथ्यांचंही तेच. धान्य, साखर, बटाटा सगळं वर्ज्य करणारा एक आहार आहे, स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट. अमेरिकेत क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) रुग्णांवर त्याची भाज्या, फळं, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल असलेल्या मेडिटरेनियन आहाराशी तुलना झाली, २०२१ साली निष्कर्ष आले. सहा आठवड्यांनी त्रास थांबलेले एकीकडे ४६.५ टक्के, दुसरीकडे ४३.५. फरक नसल्यातच जमा. मग दादाची शाळूची भाकरी मी का हिसकावू?

कांदा, लसूण, गहू कमी केला की त्याचं पोट फुगत नाही, कळ कमी येते. तेवढं आम्ही करतोच. पण कळ थांबली म्हणून आतली सूज उतरली असं होत नाही. ते कळतं शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीत, नाहीतर दुर्बिणीने. आत्याला हेच पटवायचं होतं, जमलं नाही.

"काहीही खा, आहाराचा संबंध नाही" म्हणून वाटेला लावणाऱ्या डॉक्टरांचाही मला तितकाच राग येतो. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे निव्वळ पातळ पोषण देऊन आतड्याची सूज उतरवतात, तो तर मान्य उपचार आहे. आजारी माणूस दिवसातून तीनदा ताटावर बसतो. तो खाण्याचं विचारणार नाही तर काय विचारणार?

उद्या मिरजेला तपासणी आहे. कर्क्युमिन घ्यायचं तर किती, बाकीच्या औषधांबरोबर चालेल का, आणि वजन वाढायला काय द्यायचं, हे चिठ्ठीवर लिहून दादाच्या फाइलला लावलंय. सकाळची गोळी नाश्त्याच्या ताटलीत काढून ठेवलीय.