आमची वाटचाल : फाटक्या हातमोज्यांनी शिकवलेला धंदा

२००६ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गाळ्यात आम्ही सुरुवात केली. माल दोनच जातींचा : सुती विणलेले हातमोजे आणि वेल्डिंगचे चामडी. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मी मोटारसायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून फिरायचो. परचेसवाले एकच विचारायचे, "डझनाचा भाव काय?" मीही भावच सांगायचो. मोजे कोणाच्या हातात जाणार, तो काय उचलणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगवाल्यांचे (ओतीव भाग घासून साफ करणाऱ्यांचे) हात कास्टिंगच्या, म्हणजे त्या ओतीव भागाच्या, धारेनं कापत होते, म्हणून मी कट-रेझिस्टंट, म्हणजे सहजी न कापले जाणारे, मोजे दिले. आठवड्यात फोन आला. एका कामगारानं तेच मोजे घालून नुकतंच साच्यातून निघालेलं गरम कास्टिंग उचललं होतं. ते मोजे एचपीपीई, म्हणजे मजबूत पॉलिथिनच्या, धाग्याचे. हा धागा पात्याला दाद देत नाही, पण १५० अंशांच्या आसपासच वितळतो. तो त्या कामगाराच्या तळहाताला चिकटला. मी घरी भेटायला गेलो. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमी मोजं दिलं, तवा वाटलं आता कायबी उचलावं." चूक माझी होती. विकताना मी 'हे गरम कामाला नाही' असं एक वाक्यही बोललो नव्हतो.

आता पाकिटावरचे आकडे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो. हातोड्याच्या चिन्हाखाली ईएन ३८८ चे, म्हणजे मोजा किती सोसतो हे सांगणाऱ्या युरोपीय मानकाचे, आकडे असतात : पहिला घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. पुढचं ए ते एफ अक्षर पुन्हा कापण्याचंच, फक्त वेगळ्या चाचणीचं. या ओळीत उष्णतेबद्दल काहीच नसतं. त्यासाठी ज्वाळेचं किंवा उष्णतेचं चिन्ह आणि ईएन ४०७ बघावं लागतं.

त्याच सुमारास कारखान्यांना सांगायला लागलो, "फाटलेले मोजे टाकू नका, मी न्यायला येतो." गाळ्यात वर्तमानपत्र अंथरून ते पोतं ओतायचं आणि एकेक मोजा उलटसुलट करून बघायचा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात भोक असेल, तर तिथं जादा ठिगळाचा मोजा हवा. तळवा फुगून चिकट झाला असेल, तर लॅटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) मोज्याला तेल लागलंय, तिथं नायट्राइलचा, म्हणजे तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा, हवा. एका ठिकाणचे सगळे डावेच झिजलेले निघाले. उजव्या हातात हातोडा, डाव्यानं खरबरीत कास्टिंग धरलेलं. तेव्हापासून आम्ही डावा मोजा सुटा विकतो. साधा विणलेला, कोटिंग नसलेला मोजा तर कुठल्याही हातात चालतो. रोज हात बदलला तर झीज दोन्ही बाजूंना वाटली जाते.

निगा म्हणाल तर ओला मोजा गरम कामाला कधीही नको. पाण्यातून चटका लगेच आत पोचतो आणि वाफ हात भाजते. चामडी मोजे भट्टीवर वाळत घालू नका, ते आक्रसून कडक होतात, सावलीत वाळवा. आणि ड्रिल मशीनवर मोजे घालूच नका, फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात सोबत ओढला जातो. आमचं गिऱ्हाईक तुटलं तरी हे मी सांगणारच. वायरमनचे रबरी मोजे असतील, तर दर वेळी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडायची आणि गालाजवळ धरायचं. बारीक भोक असलं तर हवेची फुंकर लागते.

सध्या मन लावलंय ते मापात. तळहाताचा घेर बोटांच्या सांध्यांवरून, अंगठा सोडून, इंचात मोजला की नंबर कळतो. फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं, बायका वर्षानुवर्षं नऊ-दहा नंबरचे मोजे घालून काम करत होत्या, बोटांची टोकं अर्धा इंच रिकामी लोंबणारी. कारण सात नंबर कोणी ठेवतच नव्हतं, आम्हीसुद्धा. आता दर्शनी फळीवर पहिला कप्पा सात नंबरचा आहे. एका मावशींनी तो घालून वाळूतला बारीक खिळा चिमटीत उचलून दाखवला आणि जुनी जोडी माझ्या पोत्यात टाकली.