रोस्टर नसलेली नोकरी

शनिवार, 15 नोव्हेंबर 2025. उदयपूर.

सोमवारी संध्याकाळपर्यंत एअरलाइनला हो किंवा नाही कळवायचंय. ऑफर लेटर फोनमध्ये येऊन पडलंय आणि मी, चार्टरची म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या खासगी विमानाची को-पायलट, इथे डबोक विमानतळाजवळच्या हॉटेलात, लग्नाची मंडळी कधी निघतात याची वाट बघत बसलेय. दुपारी दोनला निघायचं होतं. दोनचे चार झाले, चारचे सात. आता 'उद्या सकाळी नाश्ता करून' असा निरोप आलाय. मोठ्या लोकांचा नाश्ता, म्हणजे अकरा धरायचे.

तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू होतो. बिहारचा प्रचार संपला, काल निकालही लागला. तिकडे अडकलेली विमानं आता उदयपूर, जयपूर, गोव्याला वऱ्हाडं पोचवायला मोकळी झालीत. निवडणुका आणि लग्नसराई यांवर चार्टरचं वर्ष निघतं, पावसाळ्यात जरा सामसूम. गंमत म्हणजे दिवाळीला मी घरी होते, कारण विमान भाड्यानं घेणारेही घरीच होते. माझ्या गोंदियाच्या पायलट प्रशिक्षणाच्या बॅचमधले एअरलाइनवाले मात्र तेव्हा स्टँडबायवर बसून फोटो पाठवत होते. पण मी दिवाळीला घरी असणार हे मला वसुबारसेपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यांना त्यांची ड्यूटी रोस्टर, म्हणजे कामाचं वेळापत्रक, लागलं तेव्हाच कळली होती.

रोस्टर. खरं तर मला फक्त तेच हवंय, असं नवरा म्हणतो. तेवढंच असतं तर कालच सही केली असती.

बाहेरच्यांना प्रायव्हेट जेट म्हटलं की पांढरं लेदर आणि शॅम्पेन दिसते. आज सकाळी मी काय करत होते, तर वधूपक्षाची लेहंग्याची ट्रंक विमानाच्या दारातून आडवी जाते की उभी हे वितीनं मोजत होते. आमच्या हॉकरमध्ये, म्हणजे आमच्या छोट्या जेटमध्ये, सामान प्रवाशांच्याच दारातून आत घ्यायचं आणि पुढच्या कप्प्यात रचायचं. ट्रंक आडवी गेली नाही, उभीही गेली नाही. शेवटी लेहंगा बाहेर काढून सीटवर बसवला, बेल्ट लावून, आणि रिकामी ट्रंक गाडीनं पाठवली. मग वजनाचा हिशोब पुन्हा केला, जैन जेवणाचे डबे मोजले, इंधनवाल्याला गाठलं, हँडलिंगवाल्याशी पार्किंगवरून वाद घातला. एवढ्यात एक काका आत डोकावून म्हणाले, "बेटा, एक चाय मिलेगी?" दिला. खांद्यावरच्या तीन पट्ट्या त्यांना दिसल्या नसाव्यात.

आणि तरीही सांगते, या कामात मजा आहे. सकाळी जामनगर, दुपारी रायपूर, रात्री चेन्नई. उद्या कुठे ते उद्या. फ्लाइट प्लॅनपासून उतरल्यावर चाकांना अडसर लावण्यापर्यंत सगळ्याला आपला हात लागतो. एअरबस 320 आमच्या विमानाच्या सहापट वजनाची, पण आम्ही 41,000 फुटांवर असतो तेव्हा ती खालून जाताना दिसते. दर वेळी मला उगाचच बरं वाटतं. एअरलाइनमध्ये विमान तयार मिळतं, कागद तयार मिळतात, सामान कोण चढवतं हे बघावंही लागत नाही. दिवसात मुंबई–दिल्ली–मुंबई, जमलं तर आणखी एखादी फेरी. नियमांनी वर्षाला हजार तासांपर्यंत उडता येतं आणि एअरलाइन त्यातले बरेचसे वसूल करते. माझे तास त्याच्या निम्मेही होत नाहीत. बाकीचा वेळ अशा हॉटेलांत जातो.

आणि पार्किंगमध्ये. मुंबईत आमच्यासारख्यांना रात्रभर विमान ठेवायला जागा मिळेलच असं नाही. मग साहेबांना कालिन्याच्या बाजूला उतरवायचं आणि रिकामं विमान घेऊन अहमदाबादला किंवा औरंगाबादला जायचं, फक्त उभं करायला. दादरला गाडी लावायला जागा नाही म्हणून ठाण्याला लावून लोकलनं परत यावं तसं. नवी मुंबईचं उद्घाटन गेल्या महिन्यात झालं, विमानं पुढच्या महिन्यात सुटतील म्हणतात. तिथे आमच्यासारख्या छोट्या विमानांनाही बरीच जागा असेल, असं ऐकून आहे. खारघरहून मला रिक्षानं जाता येईल. ज्या दिवशी मी चार्टर सोडायचा विचार करतेय, त्याच दिवशी हे!

पगाराचं फारसं लिहीत नाही. आज दोन्हीकडे उन्नीस-बीस आहे, पुढे एअरलाइन जास्त देईल. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्यांचं विमान उडवायला शिकण्याचा, खर्च ते करणार, बदल्यात मध्येच सोडून न जाण्याचा बाँड. चालतं.

अडलंय ते डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीपाशी. आमच्या मालकांनी मला विचारलंय, की वर्षभरात कॅप्टन होणार का? एटीपीएल, म्हणजे कॅप्टनला लागणारं लायसन्स, हातात आहे, तास पुरेसे आहेत. एअरलाइनमध्ये गेले तर पुन्हा उजव्या खुर्चीत, सिनिऑरिटीच्या यादीत अगदी तळाला. तिथे यादीतल्या नंबरावरच सगळं चालतं. रजा, राहायचं शहर, कॅप्टन कधी, सगळं. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान पोरं माझ्या वर असणार, कारण ती दोन वर्षं आधी आली. एअर इंडियानं 2023 च्या फेब्रुवारीत 470 विमानांची ऑर्डर दिली, जूनमध्ये इंडिगोनं 500 ची. ही सगळी विमानं यायला वर्षं लागतील, पण त्यांच्यासाठी लागणारी माणसं आताच रांगेत उभी राहताहेत. या रांगेत उशिरा येणाऱ्याला कुणी मध्ये घुसू देत नाही.

आईला डावं-उजवं काही कळत नाही. जूनमध्ये अहमदाबादची बातमी आली तेव्हापासून तिचं मत एकच आहे: जमिनीवरची नोकरी बघ. तिला कुठलीच ऑफर दाखवलेली नाही.

तर डावी खुर्ची. ती मिळतेय म्हणून आनंद व्हायला हवा, आणि मला भीती वाटतेय. विमानाची नाही. गेल्या हिवाळ्यातला तो प्रसंग काही डोक्यातून जात नाही.

विदर्भातल्या एका छोट्या धावपट्टीवर जायचं होतं. तिथे रात्रीच्या लँडिंगची सोय नाही, दिवस मावळायच्या आत उतरलं तर उतरलं. साहेब यायला हवे होते तीनला, आले साडेचारच्या पुढे. सरांनी, म्हणजे माझ्या कॅप्टननी, घड्याळ बघितलं, सूर्यास्ताची वेळ बघितली आणि पीएला सांगितलं, की नागपूरला उतरवतो, पुढे गाडीनं जावं लागेल. पीए म्हणाला, पट्टीवर गाड्यांचे हेडलाइट लावून घेऊ, कलेक्टरांशी बोलू. मग मालकांचा फोन आला. मग खुद्द साहेब पायऱ्यांशी येऊन उभे राहिले. सर वायुदलातून निवृत्त झालेले, पुण्याचे, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "नागपूरला उत्तम हॉटेलं आहेत, सर." बस. साहेब तासभर खिडकीकडे तोंड करून बसले, नागपूरला उतरताना आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या वेळी त्यांच्याच ऑफिसमधून बुकिंग आलं तेव्हा खाली एक ओळ होती: तो कॅप्टन नको.

सर हसले. मला हसू आलं नाही. त्यांच्या 'नाही'मागे वायुदलाची पेन्शन उभी आहे, पुण्यातलं फेडून झालेलं घर आहे. माझ्या 'नाही'मागे काय आहे? हप्ते. उद्या मी डावीकडे बसले आणि पायऱ्यांशी तेच साहेब उभे राहिले, तर मी नाही म्हणेन, म्हणेनच, एवढी खात्री आहे. पण किती वेळा म्हणू शकेन? तिसऱ्यांदा 'ती कॅप्टन नको' आलं की चार विमानांच्या कंपनीत मला कुठे ठेवणार?

एअरलाइनमध्ये 180 प्रवासी मागे असतात आणि एकाकडेही कॅप्टनचा नंबर नसतो. कॉकपिटचं दार बंद असतं. तिथेही दबाव आहेच, फक्त तो माणसाच्या तोंडानं येत नाही, शेड्यूलमधून येतो. उगाच नाही पायलट संघटना विश्रांतीच्या नियमांसाठी दिल्ली हायकोर्टात गेल्या. जुलैपासून आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास झाली. या 1 तारखेपासून दुसरा टप्पा लागू झालाय, त्यात रात्रीच्या वेळात सहाऐवजी दोनच लँडिंग. तिथे थकलेय म्हणायला एक फॉर्म असतो. आमच्याकडे थकलेय म्हणायला सर असतात.

आणि सरांविषयीच आणखी एक. आम्ही दोघं इतकी वर्षं एकत्र उडतोय की ते फ्लॅप्स कधी मागणार हे त्यांच्या खांद्यावरून कळतं. मला याचा अभिमान होता. मध्ये ते लेकीकडे कॅनडाला गेले तेव्हा एक फ्रीलान्स कॅप्टन आले. ना ओळख ना पाळख. पहिल्याच फेरीत त्यांनी अप्रोचचं, म्हणजे धावपट्टीकडे उतरत जाण्याचं, ब्रीफिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं, गो-अराउंड करावं लागलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागलं, तर कोण काय म्हणणार, कोण काय करणार, सगळं. चेकलिस्टचा शब्दन् शब्द मोठ्यानं. मला आधी कंटाळा आला, मग चपापायला झालं. यातलं किती तरी सर आणि मी नजरेनंच उरकायला लागलो होतो! सर निष्काळजी नाहीत, मीही नाही. दोन माणसं रोज एका खोलीत राहिली की बोलणं कमी होतं, तेवढंच.

एअरलाइनमध्ये शेजारी बहुतेक वेळा नवा चेहरा. म्हणून तिथे पुस्तकाप्रमाणे बोलल्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय प्रत्येक फ्लाइटचा डेटा कुणीतरी चाळतं, अप्रोच जरा वेडावाकडा झाला की बोलावणं येतं. बॅचमधला एक जण याला 'सासूची नजर' म्हणतो. मला या वयात ती नजर हवीशी वाटतेय, हे त्याला सांगितलं तर खूप हसेल.

एअरलाइन म्हणजे कायमची नोकरी, असंही काही मनात नाही. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. मी शिकायला लागल्यापासून तीन. चार्टरमध्ये मालकाचा धंदा बसला की विमान विकतात आणि पायलट लोगोचा शर्ट धुऊन परत करतो. दोन्हीकडे तेच, तिकडे फक्त बातमी होते.

एक गोष्ट नवऱ्याशी बोलले, इथेही लिहून ठेवते. आम्हाला मूल हवंय, आणि फार लांबवायचं नाहीये. कायद्यानं 26 आठवड्यांची रजा आहे. पण त्याआधीचे महिने मेडिकलमुळे जमिनीवर काढायचे, नंतर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक. हॉकरच्या सिम्युलेटरसाठी आम्हाला परदेशात पाठवतात. मोजक्या को-पायलटच्या कंपनीत एवढे महिने एक खुर्ची रिकामी कोण ठेवेल? ठेवू म्हणतील. मालक वाईट नाहीत. पण मधल्या काळात ज्याला घेतील त्याला काढणार कसं? एअरलाइनमध्ये माझ्या आधी किती तरी जणी या वाटेनं जाऊन परत आल्यात, तिथे रजेचा अर्ज कुठे द्यायचा हेसुद्धा ठरलेलं असतं. आणि यादीतला नंबर आपल्या जागी राहतो.

लिहिता लिहिता दहा वाजले. खाली बँड सुरू झालाय, म्हणजे नाश्ता अकराचाही होत नाही, बाराचा.

हो कळवणार आहे. मालकांना मेल सोमवारी सकाळी, आधी इकडे, मग तिकडे. करारात सहा महिन्यांची नोटीस आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या लग्नांपर्यंत मी इथेच, ट्रंका मोजत. सरांना मात्र मेलमधून कळायला नको. उद्या मुंबईत उतरल्यावर मंडळी गेली की पुढे रिकामं विमान अहमदाबादला न्यायचंय. मुंबईत सांगितलं तर तासभर तेच डोक्यात घेऊन दोघं उडणार. अहमदाबादला इंजिनं बंद झाली, कव्हर घातली, की सांगेन.