भरलेले पाव आणि तासाभरात न फुगणारं पीठ

‘झाकून ठेवा, एका तासात पीठ दुप्पट होईल.’ भरलेल्या पावाच्या जवळजवळ प्रत्येक पाककृतीत हे वाक्य असतं आणि ते वाचलं की माझं डोकं फिरतं. कुठल्या गावात? कुठल्या महिन्यात? मी नाशिकला राहते. डिसेंबरात सकाळी आमच्या स्वयंपाकघरात १८ अंशांच्या वर तापमान जात नाही. तिथे तासाभरानं झाकण उघडलं तर पीठ ठेवलं होतं तसंच असतं, गार आणि घट्ट.

मळण्याचं मला काही कठीण गेलं नाही. अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, दूध-पाणी मिळून ३०० मिली आणि शेवटी ५० ग्रॅम लोणी. दहा-बारा मिनिटं नेटानं मळलं की ओट्याला चिकटणारं पीठ हाताला मऊ लागतं. एवढ्यात पंधरा पाव होतात.

खरी अडचण पुढेच. सासूबाई दर थोड्या वेळानं विचारायच्या, “अगं, फुगलं का?” आणि पाहुणे सहाला यायचे असले की माझा जीव टांगणीला. इडलीचं पीठ थंडीत उशिरा फुगतं, त्याला शाल गुंडाळून ठेवावं लागतं, हे आपल्याकडे घराघरात माहीत असतं. मग यीस्टच्या पिठाला घड्याळ का लावायचं? तेही जिवंतच असतं. २७-२८ अंशांना ते तास-सव्वा तासात दुप्पट होतं, १८ अंशांना तीन तासही पुरत नाहीत. वेळ लिहिणाऱ्यानं सोबत तापमान लिहायला हवं, एवढी साधी अपेक्षा आहे. काही ठिकाणी यीस्ट वाढवायचा सल्ला मिळतो. तो मला पटत नाही, पावाला यीस्टचा उग्र वास येतो आणि पुरणासारखं नाजूक सारण त्यात हरवून जातं.

मला उपयोगी पडलं ते असं. दूध-पाणी कोमट घ्यायचं, मनगटावर थेंब टाकला तर सुखद वाटेल इतकंच. कारण साधारण ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरायला लागतं. मळलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा उभट काचेच्या पेल्यात दाबून बसवायचा, त्याच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावायचा आणि पेला पिठाच्या डब्याला खेटून ठेवायचा. रुंद पातेल्यात पीठ दुप्पट झालं की दीडपट, हे डोळ्यांना कळत नाही. पेल्यात लख्ख दिसतं: तळापासून रबरबँडपर्यंत जेवढी उंची, तेवढीच वर चढली की पीठ तयार. डबा आणि पेला दोन्ही बंद ओव्हनमध्ये, खालच्या जाळीवर कढत पाण्याचं पातेलं. पाणी निवलं की बदलायचं. ओव्हन अर्थातच बंद. नुसता दिवा लागत असेल तर तेवढीही ऊब पुरते. पहिल्यांदा पेल्यातलं पीठ रबरबँड ओलांडून चढताना दिसलं तेव्हा मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

सारण भरल्यावर पाव पुन्हा फुगवायचे असतात आणि तिथेही हाच खोळंबा. फ्रीजमधून काढलेली बटाट्याची भाजी तशीच भरली, तर पीठ आतून गार पडतं आणि पाव तासन्‌तास हलत नाहीत. कढत सारण तर मुळीच नको. खोलीत ठेवून निवलेलंच भरा. बोटानं हलकेच दाबा: खड्डा चटकन भरून आला तर थांबा, हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हन तापवायला घ्या. १९० अंशांवर वीसेक मिनिटं.

यीस्टची शंका असेल तर आधीच कोमट पाण्यात साखर घालून चिमूटभर टाकून बघा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते फेकून द्या. उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचं.

सारणांत पुरण माझं सगळ्यात आवडतं. चमचा उभा राहील इतकं आटवलेलं असलं की एकही पाव फुटत नाही. बटाट्याच्या भाजीत टोमॅटो नको, कांदा पूर्ण परतून घ्या. मटार आणि ओलं खोबरं कोरडं होईपर्यंत परता. ओलावा राहिला तर वाफ धरते, वर पोकळी होते आणि तळ कच्चा राहतो. ६० ग्रॅमच्या गोळीत ३५ ग्रॅम सारण, त्याहून जास्त नाही. पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी, आणि कडेला तेलाचा हात लागता कामा नये, चिमटलेलं तोंड सुटतं. तोंड खाली करून ट्रेमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव हवे असतील तर मळलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तिथे ते सावकाश फुगतं आणि चवही जास्त उतरते. सकाळी काढून गार पिठाचेच गोळे करा, लाटायला सोपे जातात. फक्त भरल्यानंतर फुगायला दोन तास तरी हाताशी ठेवा. खिम्याचे पाव मात्र केले त्याच दिवशी संपवा.